उसना काटा

भाग्यश्रीचे पाय सकाळीच भरून आले होते, आणि अजून अर्धी साखर पेठ बाकी होती.

"एक गाणं ऐकता का हो? एकच. जास्त वेळ नाही घेत."

दारातल्या बाईंनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं, मग मागं रिक्षात बसलेल्या हारूनकडं. "पट्टीवाले का तुम्ही? परवा एक टोळी येऊन गेली, काल एक. भाजी गॅसवर आहे माझी."

"ईरण्णा म्हेत्रेंचं आहे. आपल्या गावचे."

"ते अजून गातात?"

पूर्वी असं कुणी विचारलं की भाग्यश्री उंबऱ्यावरच बसकण मारायची आणि ईरण्णांची सगळी कहाणी ऐकवूनच उठायची. आता तिनं नुसतं "हो, गातात" म्हटलं, बाईंच्या कानात इवलाले इअरफोन अडकवले, मनगटावर पट्टी बांधली आणि ते मनगट आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवलं. ही तिची जुनी सवय. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात तिनं उभं आयुष्य मापं घेण्यात घालवलं होतं. बाहीचं माप घेताना पोरं वळवळतात, म्हणून मनगट धरावं लागतं. ते हातात बसलं ते बसलं.

गाणं सुरू झालं. बाई स्वयंपाकघराकडं बघत राहिल्या. पट्टीवरचा बारका दिवा काही लागला नाही. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान आहे."

'छान आहे' हे ऐकून भाग्यश्रीला आताशा शिवी ऐकल्यासारखं वाटायचं. तिनं पट्टी सोडली, आभार मानले आणि गुडघ्यावर हात ठेवून पायरी उतरली.

आता ही पट्टी काय भानगड आहे ते सांगायला हवं. यंत्रं गाणी करायला लागली तेव्हा लोकांनी भारी कौतुक केलं. मग ती इतकी करायला लागली की माणसाचे दात घासून होईपर्यंत लाखभर नवी गाणी तयार. ती ऐकणार कोण? तर तीही यंत्रंच. एकानं गायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, तिसऱ्यानं छाती फुगवून जाहीर करायचं की हे गाणं कोटी लोकांनी ऐकलं. माणसाचा पत्ताच नाही. शेवटी रेडिओवाले, जत्रेचे मंचवाले, सगळेच त्या आकड्यांना विटले. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की यंत्राला सगळं जमेल, पण त्याच्या अंगावर काटा यायचा नाही, कारण त्याला मुळात अंगच नाही.

अंगावर काटा येतो म्हणजे काय होतं? प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि कातडीवर पुटकुळी येते. मांजर भ्यालं की फुगतं, तीच ही युक्ती. आपले केस गेले, स्नायू तेवढे राहिले. गाणं ऐकताना मेंदू सारखा अंदाज बांधत असतो, की आता पुढचा सूर इथं पडणार. तो जरा उशिरा आला, नाहीतर भलत्याच जागी येऊन बसला, की मेंदू दचकतो आणि दचकून खूश होतो. त्या खुशीची लहर पाठीच्या कण्यातून खाली उतरते आणि हातावर काटा फुलतो. पट्टी उजेड टाकून कातडीवरचे उंचवटे बघते, कातडीतून वीज किती सहज जाते ते बघते आणि नाडीही बघते. थंडीचा काटा, भीतीचा काटा, पळत आलेल्या माणसाची धडधड, हे सगळं ती वेगळं काढते. खुशीचा काटा असला तरच हिरवा दिवा लागतो आणि गायकाच्या नावावर तो जमा होतो. एका माणसाचा एका गाण्याला एकच, तोही पहिल्यांदा ऐकतानाचा.

पण पट्टी बांधायला दारोदार माणूस जावाच लागतो. पगारी माणूस लबाडी करणार, म्हणून नियम असा झाला की पट्टी बांधणारे बिनपगारी असावेत, गल्लीतलेच असावेत आणि त्यांचा गायकावर जीव असावा. अशी गल्लीपथकं गावोगाव निघाली. ज्याच्या नावावर काटे जास्त, त्याला संक्रांतीच्या गड्डा जत्रेत मोठ्या मंचावर एक अख्खी संध्याकाळ मिळायची. सोलापुरातल्या गायकाला त्याहून मोठं काही नाही.

भाग्यश्री पट्ट्या निघायच्या कितीतरी आधीपासून ईरण्णांचं काम करत होती. नवरा गेला तेव्हा पदरात सान्वी होती, लहान. वर्षभर ही बाई नुसती माणसासारखी हलत होती. एक दिवस कारखान्यातून येताना एका मंगल कार्यालयाच्या दारातून ईरण्णांचं गाणं कानावर पडलं आणि तिच्या दोन्ही हातांवर सरसरून काटा आला. आपण अजून जिवंत आहोत हे तिला त्या काट्यानं सांगितलं. त्या दिवसापासून तिनं ठरवलं, की या माणसाचं गाणं गावातल्या प्रत्येकाला ऐकवायचं. रिक्षांच्या पाठीवर कागद चिकटवले, लग्नाच्या मांडवात जाऊन गाण्याची शिफारस केली, सान्वीला कडेवर घेऊन कार्यक्रमांच्या दारात उभी राहिली. सान्वी आईची बाही वर सारून हात चाचपायची आणि म्हणायची, "आईच्या हातावर गवत उगवलं." तो त्या दोघींचा खेळच होऊन गेला.

पुढं पट्ट्या आल्या आणि भाग्यश्रीच्या गल्ल्या काट्यांसाठी गाजल्या. इतर गल्ल्यांत ईरण्णांना जेमतेम काटे पडायचे, हिच्या गल्ल्यांत मात्र दार उघडलं की दिवा लागायचा. सगळे म्हणायचे, त्या भागातल्या लोकांना गाण्याचा कान आहे.

आणि या वर्षी काय झालं कोण जाणे. त्याच गल्ल्या, त्याच गायकाचं नवं गाणं, आणि दिवा लागायचं नाव नाही.

"चहा घेऊ या," हारून रिक्षातून म्हणाला. हारून बागवान म्हणजे पथकातला तिचा जुना सोबती. पोटासाठी रिक्षा चालवायचा आणि जिवासाठी ईरण्णांचं गाणं ऐकायचा. "चेहरा बघ तुझा. असा चेहरा घेऊन गेलीस तर लोक वर्गणीवाली समजतील."

"गाण्यात दम नाही असं म्हण की सरळ."

"मी कुठं म्हटलं? मला आवडतंय."

"मलाही आवडायचं," ती म्हणाली. "आता काहीच होत नाही रे. सुरुवात झाली की शेवट डोळ्यांपुढं येतो."

तसं होणारच होतं. पथकाची एक रीत होती. रोज निघायच्या आधी सगळ्यांनी रिक्षात बसून गाणं एकदा ऐकायचं, पेटून मग गल्लीत शिरायचं. पेटून निघालेला माणूस दार वाजवतो ते वेगळंच, असं ईरण्णाच म्हणायचे. पण रोज रोज पेटवलेलं विझणारच. गाणं नवं असलं तरी ईरण्णांच्या सगळ्या जागा इतक्या वर्षांत तिला पाठ झाल्या होत्या, आणि मेंदूला सगळं पाठ झालं की तो दचकत नाही. भाग्यश्रीचा काटा दिवाळीतच गेला होता. तिनं तो गेल्याचं हारूनशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी ईरण्णांनी दोघांना घरी बोलावलं. त्यांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली आणि त्या आत निघून गेल्या. ईरण्णांच्या गळ्याला गाठी झाल्या होत्या. संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की बोलता येईल, गाता येईलच असं नाही.

"अक्का," ईरण्णा म्हणाले. ते वयानं मोठे, पण तिला अक्काच म्हणायचे. "थांबू या आता. काटे पडत नाहीत म्हणजे आवाजात काही उरलं नाही. लोकांची कातडी खोटं बोलत नाही. उगाच तुम्ही उन्हातानात फिरता."

"अजून मोजणी संपली नाही," भाग्यश्री म्हणाली.

"मला काय वाटतं सांगू का? एकदा त्या मंचावर बसायला मिळावं असं फार होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो मंच बघितलाय. पण माझीच लायकी संपली असेल तर तुम्ही तरी काय करणार." ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले, खाल्ला मात्र नाही.

ज्या माणसानं आपल्याला उठवून बसवलं, तो आपल्यासमोर असा खचतोय आणि आपण चटणी चाटतोय. भाग्यश्रीला स्वतःचीच चीड आली. जेवण अर्धं टाकून ती उठली आणि हारूनला म्हणाली, "चल, संध्याकाळपर्यंत गोटे मास्तरांची गल्ली करू."

तिला खरं म्हणजे पुण्याला, लेकीच्या सासरी जायचं होतं. सान्वीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही साधी रीत. पण मोजणीचा हंगाम आणि बाळंतपण एकाच वेळी आलं. सान्वीच म्हणाली होती, "आई, इथला दवाखाना जवळ आहे, मी इथंच राहते." ती असं का म्हणाली ते दोघींना कळलं होतं, आणि त्यावर दोघीही परत बोलल्या नाहीत.

गोटे मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. तोंडावरची माशी न हलणारा माणूस. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "बांधा," ते म्हणाले, "पण मला गाण्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही."

भाग्यश्रीनं पट्टी बांधली, मनगट धरलं आणि गाणं लावलं. तेवढ्यात तिच्या कानातला फोन वाजला. जावई होता, निनाद.

"आई, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. हे ऐका."

आधी एक बारीकशी उचकी ऐकू आली. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग ती रडली.

भाग्यश्रीच्या अंगावर मानेपासून पायापर्यंत काटा आला. डोळ्यांना धार लागली. आणि तिच्या हातात मनगट होतं त्या गोटे मास्तरांच्या पट्टीवरचा हिरवा दिवा लागला.

"अरे," मास्तर आपल्याच हाताकडं बघत म्हणाले. "हे काय झालं?" त्यांचे डोळे पाणावले होते, आणि त्यांना त्याचा राग आल्यासारखा दिसत होता.

ती पुढच्या दारी गेली. दिवा लागला. त्याच्या पुढच्या दारीही लागला. रडणं तिच्या कानात घुमत होतं आणि ती माणसांची मनगटं धरत चालली होती. सगळी गल्ली हिरवी झाली. कोपऱ्यावर आल्यावर तिनं हारूनला पेढे आणायला सांगितले. तो जागचा हलला नाही. रिक्षातल्या पडद्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "ताई, आधी हे बघ. मास्तरांचा काटा कधी आला ते."

पडद्यावर गाण्याची रेघ होती आणि काटा जिथं आला तिथं ठिपका. ठिपका अगदी सुरुवातीला होता. तिथं नुसता तबला वाजतो, ईरण्णांनी अजून तोंडही उघडलेलं नसतं.

"सगळ्यांचे तसेच," हारून म्हणाला. "एकाचाही गाण्यावर नाही."

भाग्यश्री रिक्षाच्या कडेला टेकली. दोन माणसं हात धरून बसली की त्यांच्या नाडीचे ठोके हळूहळू जुळत जातात, एकाचा शहारा दुसऱ्याच्या अंगात उतरतो, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. आया पोरांना छातीशी धरून गप्प करतात त्यातही तेच असतं. पट्टी करणाऱ्यांनी थंडी धरली, भीती धरली, धावपळ धरली. बांधणाऱ्याचा हात मात्र त्यांच्या मनातच आला नाही, कारण नियम होता की पट्टी बांधून दोन पावलं मागं सरकायचं. सगळे सरकायचे. बाहीचं माप घेणारी ही एकच बाई मनगट धरून उभी राहायची.

"म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली आणि थांबली.

"इतकी वर्षं ते तुझेच काटे होते," हारून म्हणाला. "लोक गाण्याला नाही शहारले, तुला शहारले. ईरण्णांचा आवाज गेलेला नाही, ताई. तो होता तसाच आहे. तू विझलीस."

"त्यांना सांगायला हवं."

"सांग की. आवाज शाबूत आहे म्हणून सांग. मग ते विचारतील, काटे का गेले? मग सांग, की ते तुमचे नव्हतेच कधी."

हारूननं हे टोचायला म्हटलं नव्हतं. त्याचाही जीव होता त्या माणसावर. पण ते भाग्यश्रीला असं लागलं की पेढ्यांची गोष्ट राहूनच गेली.

निनादनं ते रडणं पाठवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्रीनं रिक्षात बसून ईरण्णांचं गाणं ऐकलं नाही. तिनं नातीचं रडणं कानात लावलं. काटा आला तसा. ती उतरली आणि गल्लीत शिरली.

"ताई, हे करू नकोस," संध्याकाळी हारून म्हणाला. "आता आपल्याला माहीत आहे. काल माहीत नव्हतं तोवर ती सवय होती. आता ती लबाडी आहे."

"मंचापुरती. मोजणी संपेपर्यंत."

"आणि ते गाणं जसं झिजवलंस तसं हेही झिजलं म्हणजे?"

"काहीतरीच काय," ती म्हणाली. "गाणं परक्याचं होतं. हे रक्त आहे माझं. रक्त कधी झिजतं का?"

हारूननं रिक्षा सुरू केली. त्यानंतरही तो रोज वेळेवर येत राहिला. तोही काही देव नव्हता. ईरण्णा मंचावर बसलेले त्यालाही बघायचे होते.

काटे वाढत गेले. ईरण्णांच्या घरी गेलं की ते दारातच उभे असायचे, गळ्याला मफलर, हातात वाफाऱ्याचं भांडं. "अक्का, काल पुन्हा वाढले म्हणे. गळा मोकळा झाला की काय कोण जाणे. मला स्वतःला काही फरक वाटत नाही, पण लोकांना कळत असेल ना?"

"कळतं लोकांना," भाग्यश्री म्हणायची. महादेवीबाई आतून तिला ऐकू येईल अशा आवाजात म्हणायच्या, की हे आता जेवतात हो व्यवस्थित. ते ऐकलं की भाग्यश्रीला वाटायचं, आपण करतोय ते बरोबर आहे, आणि लगेच वाटायचं, की नाही.

सान्वीचा फोन रोज यायचा. "आई, कधी येतेस?"

"मोजणी संपली की निघालेच. डिंकाचे लाडू करायला घेतलेत."

"बारसं तुझ्यासाठी पुढं ढकललंय. सासूबाई विचारतात, आई अजून कशा नाही आल्या."

"आले गं बाई. नाव तुमचं ठरेपर्यंत पोचते."

"तिचं रडणं ऐकायचंय का? आत्ता रडतेय."

"नको," भाग्यश्री पटकन म्हणाली. तिला सवय होऊ द्यायची नव्हती. रोजचं रडणं ऐकलं तर त्या पहिल्या रडण्यातलं काही उणं होईल अशी तिला भीती वाटली. "बरं," सान्वी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आणि उणं व्हायचं ते झालंच. आधी एकदा ऐकून अख्खी गल्ली निघायची. मग दर दारी ऐकावं लागायला लागलं. मग दर दारी दोनदा. मग रडण्यावर काही होईना, नुसत्या त्या आधीच्या उचकीवर थोडंसं व्हायचं, म्हणून ती तेवढीच उचकी पुन्हापुन्हा लावायची. तिला कळत होतं काय चाललंय ते. वेडी नव्हती ती. रोज रात्री झोपताना ती ठरवायची, की उद्या पट्टी बांधून मागं सरकायचं, आणि सकाळी ईरण्णांचा तो मफलर आठवायचा. शेवटच्या दिवशी तिनं उचकी लावली, एका पोरसवदा दुकानदाराचं मनगट धरलं आणि वाट पाहत उभी राहिली. काही झालं नाही. ना त्याच्या हातावर, ना तिच्या.

"छान आहे," दुकानदार म्हणाला.

पण तोवर पुरेसे काटे जमले होते. संध्याकाळी यादी लागली आणि ईरण्णा म्हेत्रेंना मोठा मंच मिळाला. ईरण्णा तिच्या घरी आले आणि दारात उभे राहिले. मग त्यांनी वाकून तिच्या पायाला हात लावला. ती दोन पावलं मागं सरकली.

"पहिल्या रांगेत तुमची खुर्ची, अक्का. तुम्हाला बघूनच सुरुवात करणार मी."

"मी नसेन," ती म्हणाली. "नातीचं बारसं आहे. त्याच दिवशी."

ईरण्णांचं तोंड उतरलं, मग त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. तिकडंच जायला हवं." त्यांना वाईट वाटलं ते लपलं नाही, पण ते भले माणूस होते. जाताना त्यांनी नातीसाठी झबलं दिलं. महादेवीबाईंनी शिवलेलं होतं, पिवळं.

पुण्याला बारसं दुपारीच उरकलं. नाव ठेवलं ईशानी. पाहुणे गेले, सासूबाई आडव्या झाल्या, निनाद भाड्याच्या खुर्च्या परत द्यायला गेला. खोलीत सान्वी, भाग्यश्री आणि पाळण्यात झोपलेली ती. डिंकाच्या लाडवांचा डबा उघडा पडला होता. भाग्यश्रीनं पोरीला दिवसभरात दोनदा मांडीवर घेतलं होतं, दोन्ही वेळा ती झोपेतच होती. भाग्यश्रीला ते बरं वाटलं होतं.

हारूनचा फोन आला. मागं माणसांचा गलका होता. "ताई, बसलेत बघ मंचावर. पांढरा फेटा बांधलाय. दुसऱ्या ओळीला गळा फाटला, थांबले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यापासून धरलं."

"आणि लोक?"

"बसून आहेत. कुणी उठून गेलं नाही." मग तो म्हणाला, "काटेबिटे काय माहीत नाही. पण मला बरं वाटतंय. तुला ऐकवू?"

"नको. तू ऐक."

तिनं फोन ठेवला. सान्वी तिच्याकडं बघत होती. "गेली असतीस तरी चाललं असतं मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तितकासा चालल्यासारखा नव्हता.

पाळण्यातून एक बारीक उचकी आली. मग क्षणभर काहीच नाही. भाग्यश्रीला तो क्षण पाठ होता. मग पोरगी रडली.

सान्वी हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसली. पुढं झाली, आईची बाही वर सारली आणि म्हणाली, "बघू, गवत उगवलं का?"

हात गुळगुळीत होता. सान्वीनं बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. पोरगी रडतच होती.

"आई?"

भाग्यश्रीला खोटं बोलता आलं असतं. थकलेय, प्रवास झालाय, काहीही. पण या पोरीशी ती आता खोटं बोलू शकत नव्हती. "संपवलं गं मी," ती म्हणाली. "निनादनं पाठवलं होतं ना, तिचं पहिलं रडणं. ते मी गल्लीगल्लीत कानात लावून हिंडले. लोकांची मनगटं धरून. ईरण्णांना मंच मिळावा म्हणून. सगळा काटा त्यांना वाटून टाकला. माझ्याकडं काही राहिलं नाही."

सान्वीला आधी कळलंच नाही. मग भाग्यश्रीनं सगळं सांगितलं, गोटे मास्तरांपासून शेवटच्या दुकानदारापर्यंत. सांगता सांगता ती रडायला लागली, आणि रडतानाही हात तसाच कोरडा, सपाट.

"माझी मुलगी पहिल्यांदा रडली," सान्वी हळू म्हणाली, "ते तू साखर पेठेत वाटलंस?"

"हो."

"मला इथं एकटीला ठेवून."

"हो गं."

सान्वी उठली. तिनं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं, पाठमोरी होऊन खिडकीशी गेली आणि तिथंच उभी राहिली. पोरीचं रडणं चालूच होतं. भाग्यश्री खाली बघत बसली. तिला वाटलं, आता उठावं, पिशवी भरावी आणि पहाटेच्या गाडीनं जावं. आपण इथं कुणाच्या काय कामाच्या?

मग सान्वी आली आणि तिच्या शेजारी बसली. राग गेला नव्हता. तोंडावर तसाच होता. पोरीला तिनं एका हातावर तोललं आणि दुसरा हात आईपुढं केला. त्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत काटा उभा होता.

"धर," ती म्हणाली.

भाग्यश्रीनं माप घेताना धरायची तसं लेकीचं मनगट दोन्ही हातांत धरलं. आधी काही झालं नाही. पोरगी रडायची थांबली, दम घेतला, एक उचकी दिली आणि पुन्हा रडली, आणि सान्वीच्या हाताखालून काहीतरी सरकत आलं. ते भाग्यश्रीच्या बोटांत शिरलं, मनगटावरून वर चढलं आणि दंडापर्यंत गेलं.

काटा आला. तो तिचा नव्हता, लेकीचा होता, उसना. तिनं तो घेतला आणि मनगट सोडलं नाही.